'आकाश' टॅबलेट: स्वस्त होता, मग अडलं कुठे?

(या भागाचं शब्दांकन. बोलताना झालेली पुनरुक्ती तेवढी कमी केली आहे, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)



आजचा भाग एका प्रश्नातून निघालाय. आपले एक श्रोते जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहेत. त्यांनी लिहिलंय की गावानं लोकवर्गणी काढून शाळेसाठी टॅबलेट घ्यायचं ठरवलंय. पैसे मर्यादित आहेत. एकजण अगदी कमी भावात जास्त नग देतोय, दुसऱ्याकडे तेवढ्याच पैशांत निम्मेच नग येतात. "काय करू?" असं सर विचारतात.

सरांना थेट एखादं मॉडेल सांगून मोकळं होता आलं असतं. पण हाच प्रश्न आपल्या देशानं एकदा फार मोठ्या प्रमाणावर सोडवायचा प्रयत्न केला होता. त्या टॅबलेटचं नाव होतं 'आकाश'. २०११ साली त्याची खूप चर्चा झाली, नंतर बरीच थट्टाही झाली. मला वाटतं थट्टा करून आपण त्यातला धडा हुकवला. म्हणून आज 'आकाश'च्या जमेच्या बाजू काय, उणिवा काय, आणि त्या उणिवा नेमक्या कुठून आल्या, ते बघू. शेवटी सरांच्या प्रश्नाकडे येऊच.

किंमत आधी ठरली

जुलै २०१० मध्ये तेव्हाचे केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्री कपिल सिब्बल यांनी एका टॅबलेटचा नमुना दाखवला आणि सांगितलं, हा ३५ डॉलरला मिळेल. म्हणजे तेव्हाचे साधारण दीड हजार रुपये. पुढे तो वीस आणि मग दहा डॉलरवर आणायचा मानसही बोलून दाखवला.

प्रत्यक्ष 'आकाश' आला ५ ऑक्टोबर २०११ ला. बनवला होता डेटाविंड या कंपनीनं. सरकारला तो सुमारे ५० डॉलरला पडत होता आणि विद्यार्थ्यांना सवलतीत मिळणार होता. पहिली ऑर्डर एक लाख नगांची.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. एरवी एखादी वस्तू बनवताना आपण विचारतो, माणूस याचं करणार काय? मग त्यासाठी काय काय लागेल, आणि मग त्याला किती पैसे पडतील? 'आकाश'मध्ये हा क्रम उलटा होता. आकडा आधी जाहीर झाला आणि त्या आकड्यात जे सुटे भाग बसतील ते बसवले गेले. पुढचं सगळं इथूनच सुरू होतं.

आधी जमेच्या बाजू

सात इंची स्क्रीन, वजन सुमारे ३५० ग्रॅम. दप्तरात सहज मावणारा. वाय-फाय होतं. दोन यूएसबी पोर्ट होते, आणि ही बाब मला अजूनही भारी वाटते. आयपॅडला तेव्हा एकही यूएसबी पोर्ट नव्हता. इथे मित्राचा पेन ड्राइव्ह घ्या, लावा, नोट्स उघडा. कीबोर्ड जोडा. ज्याच्या घरी इंटरनेट नाही त्याच्यासाठी पेन ड्राइव्ह हेच इंटरनेट होतं तेव्हा. शिवाय सोबत २ जीबीचं मेमरी कार्ड यायचं आणि ३२ जीबीपर्यंतचं कार्ड चालायचं.

दुसरी चांगली गोष्ट म्हणजे व्हिडिओ. मुख्य प्रोसेसर अगदी साधा होता, पण व्हिडिओ उलगडण्यासाठी वेगळा सहप्रोसेसर दिला होता. एका माणसाला सगळी कामं सांगण्याऐवजी एका कामासाठी खास माणूस ठेवतात ना, तसं. आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं तेव्हा एनपीटीईएलवर मोफत होती. ती बघायला हे योग्यच होतं. म्हणजे बनवणाऱ्यांना विद्यार्थी कळतच नव्हता असं नाही. विचार होता. तो सगळीकडे परवडला नाही, एवढंच.

स्क्रीन: बोट फिरवायचं की दाबायचं?

पहिली मोठी अडचण टचस्क्रीनची. 'आकाश'ला रेझिस्टिव्ह स्क्रीन होती. यात दोन पातळ थर असतात, मध्ये अगदी बारीक फट. तुम्ही दाबलं की वरचा थर खालच्याला टेकतो आणि त्या ठिकाणच्या व्होल्टेजवरून कळतं की बोट कुठे आहे. आज आपल्या फोनला असते ती कपॅसिटिव्ह स्क्रीन. तिथे दाबावं लागत नाही. बोट जवळ आल्यानं विद्युतभारात होणारा बदल मोजला जातो, नुसता स्पर्श पुरतो.

रेझिस्टिव्ह स्क्रीन वाईट असते असं नाही हं. स्वस्त असते, नखानं चालते, कुठल्याही काडीनं चालते. अगदी हातमोजे घालूनही चालते. पण अँड्रॉइड बनलंय बोट सरकवण्यासाठी. यादी वर ढकला, पान बाजूला सारा, फोटो दोन बोटांनी मोठा करा. साध्या रेझिस्टिव्ह स्क्रीनला एका वेळी एकच स्पर्श कळतो आणि तोही दाबल्यावर. बोट सरकवताना दाब जरा कमी झाला की स्पर्श तुटतो. मग यादी अडकते किंवा भलतंच बटण दाबलं जातं. सॉफ्टवेअरची भाषा एक आणि काचेची भाषा दुसरी, असं झालं ते.

प्रोसेसर आणि मेमरी

प्रोसेसर ३६६ मेगाहर्ट्झचा, रॅम २५६ एमबी. नुसत्या आकड्यांवरून काही कळत नाही, म्हणून तुलना करू. सॅमसंगचा पहिला गॅलेक्सी टॅब २०१० च्या शेवटी आला. तोही सात इंची, त्यावरही अँड्रॉइड २.२ च. पण प्रोसेसर १ गिगाहर्ट्झ आणि रॅम ५१२ एमबी. अर्थात तो 'आकाश'च्या कितीतरी पट महाग होता. मुद्दा एवढाच की तेच सॉफ्टवेअर तेवढ्याच आकाराच्या स्क्रीनवर चालवायला दुसऱ्या कंपनीला किती ताकद द्यावी लागली, ते बघा.

रॅम कमी असली की काय होतं? आधी यंत्रणा स्वतःसाठी मोठा वाटा घेते. उरलेल्यात तुमची ॲप. जागा संपली की अँड्रॉइड मागे ठेवलेलं ॲप गुपचूप बंद करतं. ही त्याची रीतच आहे, बिघाड नव्हे. पण समजा तुम्ही पीडीएफचं चाळिसावं पान वाचताय, एक शब्द अडला म्हणून ब्राउझरमध्ये गेलात, परत आलात, तर पीडीएफ पुन्हा पहिल्यापासून उघडतंय. असं दिवसातून दहा वेळा झालं की मुलगा ब्राउझरमध्ये जाणंच सोडतो. किंवा टॅबलेट हातात घेणंच सोडतो.

बॅटरीचं गणित

हे गणित आपण आत्ताच करून टाकू. बॅटरी २१०० एमएएचची. साधारण ३.७ व्होल्टनं गुणलं तर सुमारे ७.८ वॉट-तास होतात. टॅबलेटला लागायची सुमारे २ वॉट वीज. भागा. चार तासही भरत नाहीत, आणि हे नव्या कोऱ्या बॅटरीचं झालं. कॉलेज दहा ते पाच असेल तर दुपारच्या सुट्टीनंतर खेळ खलास. त्याच वर्षीच्या आयपॅड २ मध्ये २५ वॉट-तासांची बॅटरी होती.

आणि २०११ चा ग्रामीण महाराष्ट्र आठवा. लोडशेडिंग होतं. रात्री चार्जिंग होईलच याची खात्री नाही. ज्या मुलाला या टॅबलेटची सगळ्यात जास्त गरज, त्याच्याकडेच वीज सगळ्यात कमी. म्हणजे बॅटरी काटकसर करायची जागाच नव्हती. पण मोठी बॅटरी म्हणजे जास्त पैसे, आणि पैशाचा आकडा तर आधीच ठरलेला.

ॲप आणि आपली लिपी

'आकाश'वर अँड्रॉइड मार्केट नव्हतं, म्हणजे आजचं प्ले स्टोअर. अँड्रॉइड मोफत असलं तरी गूगलचं दुकान मोफत लावता येत नाही. त्यासाठी गूगलच्या अटी पूर्ण कराव्या लागतात, करार लागतो. त्याऐवजी गेटजार नावाचं दुसरं दुकान दिलं होतं. त्यामुळे मित्राच्या फोनवर दिसलेलं ॲप तुम्हाला मिळेलच असं नाही.

अँड्रॉइड २.२ मुळात फोनसाठी होतं. टॅबलेटसाठीची आवृत्ती, ३.०, फेब्रुवारी २०११ मध्ये आली. पण आपल्यासाठी त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे मूळ अँड्रॉइड २.२ ला देवनागरी नीट येत नव्हती.

नुसता फॉन्ट टाकून हे सुटत नाही. 'शिक्षक' हा शब्द घ्या. संगणकात तो साठवला जातो असा: आधी श, मग वेलांटी, मग क, हलन्त, ष, आणि पुन्हा क. पण वाचताना वेलांटी श च्या आधी दिसायला हवी, आणि क, हलन्त, ष यांचा मिळून 'क्ष' व्हायला हवा. ही जुळवाजुळव करणारा वेगळा भाग सॉफ्टवेअरमध्ये लागतो. तो नसेल तर वेलांटी श च्या पुढे लोंबकळते आणि क्ष फुटून पडतो. फॉन्टही नसेल तर नुसते चौकोन. मूळ अँड्रॉइडमध्ये ही सोय आली ती ४.० मध्ये. भारतातल्या विद्यार्थ्यासाठीचा टॅबलेट, आणि ज्या पायावर तो उभा त्या पायालाच विद्यार्थ्याची लिपी येत नाही. मला विचाराल तर सगळ्यात खोल उणीव हीच. ती कुठल्या एका कंपनीची चूक नव्हे. पण यादी करताना 'मराठीत वाचता येतंय का?' हा प्रश्न वरच्या पाचांत असता, तर ती आधीच दिसली असती.

एका वर्षात काय बदललं

आता गोष्टीचा दुसरा अर्धा भाग, जो थट्टा करणारे सांगत नाहीत. सुधारित टॅबलेटचं काम पुढे आयआयटी मुंबईकडे आलं. ११ नोव्हेंबर २०१२ ला राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते 'आकाश २' आला. प्रोसेसर १ गिगाहर्ट्झ. रॅम ५१२ एमबी. कपॅसिटिव्ह स्क्रीन. बॅटरी ३००० एमएएच. अँड्रॉइड ४.०. सरकारला पडलेली किंमत २,२६३ रुपये, म्हणजे जवळपास पहिल्याइतकीच!

वरच्या यादीतल्या बहुतेक उणिवा त्याच पैशांत, तेरा महिन्यांत कमी झाल्या. कारण या काळात सुटे भाग झपाट्यानं स्वस्त होत होते. म्हणजे कल्पना चुकीची नव्हती. वेळ चुकली, आणि एक लाखाची ऑर्डर देण्याआधी पुरेशा मुलांच्या हातात तो महिनाभर दिला गेला नाही. पण पहिल्याची बदनामी दुसऱ्याच्याही वाट्याला आली. लोकांच्या मनात 'आकाश' म्हणजे अडकणारा टॅबलेट, हे पक्कं झालं होतं. एकदा विश्वास गेला की चांगली दुसरी आवृत्ती आली तरी कोणी बघत नाही. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही हे रोज अनुभवतो.

तर सर, तुमच्या प्रश्नाकडे

तुमच्याकडे पैसे गावाचे आहेत. टॅबलेट सहा महिन्यांत कपाटात गेले, तर पुढच्या वर्गणीला कोणी उभं करणार नाही. म्हणून नग किती येतात हा पहिला प्रश्न नको. पहिला प्रश्न असा: मूल याच्यावर रोज काय करणार? ते ठरलं की पुढच्या गोष्टी करा.

एक. दोन्हीकडून एकेकच टॅबलेट आधी घ्या. महिनाभर मुलांच्या हातात द्या. बाकीची ऑर्डर नंतर.

दोन. त्यावर मराठीत एक परिच्छेद मुलांनाच टाइप करायला लावा. टच कसा आहे ते दहा मिनिटांत कळतं.

तीन. पीडीएफ, व्हिडिओ, ब्राउझर आळीपाळीनं उघडा आणि परत मागे या. प्रत्येक वेळी पहिल्यापासून सुरू होत असेल तर रॅम पुरत नाहीये. आज दोन जीबीवाला टाळा, चार तरी बघा.

चार. सकाळी पूर्ण चार्ज करून शाळा भरल्यापासून वापरा. किती वाजता मान टाकतो ते वहीत लिहून ठेवा. खोक्यावरचा आकडा विसरा.

पाच. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये 'अबाउट'खाली उपकरण प्रमाणित आहे की नाही ते दिसतं. प्रमाणित नसेल तर घेऊ नका, कितीही स्वस्त असो.

सहा. काच फुटली तर जवळच्या तालुक्याला बदलून मिळते का, आणि कितीला? हे विक्रेत्याकडून कागदावर घ्या.

यात निम्मेच नग आले, तर येऊ देत. दोन मुलांत एक चालणारा टॅबलेट परवडला. प्रत्येकाच्या हातात एकेक बंद पडलेला नको.

आजच्यापुरतं एवढंच. सर, महिनाभरानं वहीतले आकडे नक्की कळवा, ते पुढच्या एखाद्या भागात सगळ्यांना सांगू. भेटूया!