‘थोडा चावतो’ म्हणजे नेमकं किती? चावऱ्या छोट्या कुत्र्याला नवं घर शोधताना

(हा या भागाचा लिखित मजकूर आहे. बोलताना दोनदा आलेली वाक्यं काढलीत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा विषय एका ताईंच्या व्हॉइस मेसेजवरून आलाय. त्या पिंपरी-चिंचवडला राहतात. त्यांनी विचारलंय, “दादा, शेल्टरमध्ये एक पाच वर्षांचा पामेरियन बघितला. फार गोड आहे. आधीच्या मालकांनी सोडला, कारण चावतो. शेल्टरमधले म्हणाले, थोडा चावतो, पण प्रेम दिलं की सुधारेल. घरी मी, नवरा आणि सासूबाई. शनिवार-रविवार नणंदेची तीन वर्षांची मुलगी आमच्याकडे असते. घेऊ का?”

ताई, उत्तर देतो, पण शेवटी. कारण तुमच्या प्रश्नात एक शब्द आहे ज्यावर सगळं अडलंय. तो शब्द म्हणजे ‘थोडा’.

०१:२० | ‘थोडा’ ही माहिती नाही

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे कुणी तक्रार टाकली की “ॲप कधीकधी बंद पडतं”, तर त्याचं आम्ही काहीच करू शकत नाही. कुठलं बटण दाबलं, कुठला फोन, त्याआधी काय चालू होतं, हे कळलं तरच दुरुस्ती होते. चावणाऱ्या कुत्र्याचंही तसंच आहे. कुणाला चावला? कुठे? तेव्हा तो खात होता, झोपला होता, की कुणी उचलत होतं? आधी गुरगुरला का? एकदा चावून बाजूला झाला, की पुन्हा पुन्हा चावला? आणि जखम किती खोल होती?

या शेवटच्या प्रश्नासाठी एक मोजपट्टी आहे. इयान डनबार नावाचे पशुवैद्य आणि श्वानवर्तनतज्ज्ञ आहेत, त्यांनी ती बनवली. तिच्यात सहा पातळ्या आहेत. पहिली, अंगावर धावला, भुंकला, पण दात लागलेच नाहीत. दुसरी, दात त्वचेला लागले, ओरखडा आला असेल, पण छिद्र पडलं नाही. तिसरी, एका चाव्यात एक ते चार छिद्रं, पण सुळ्याच्या निम्म्या लांबीपेक्षा उथळ. चौथी, त्यातलं निदान एक छिद्र निम्म्या सुळ्यापेक्षा खोल, म्हणजे त्याने दात रोवून धरलं किंवा झटके दिले. पाचवी, असे खोल चावे अनेक. सहावी म्हणजे मृत्यू.

यात एक फार चांगली गोष्ट आहे. ‘रागीट आहे’, ‘तसा प्रेमळ आहे हो’ असली मतं इथे चालत नाहीत. जखम बघायची, एवढंच. पहिल्या दोन पातळ्यांचा कुत्रा म्हणजे “लांब राहा” असं सांगणारा, पण तोंडावर ताबा असलेला कुत्रा. तिसऱ्या पातळीला काम नेटाने करावं लागतं, पण योग्य घरात ते होऊ शकतं. चौथीपासून पुढे मात्र साध्या कुटुंबाने हात घालू नये. तिथे अनुभवी माणसांकडेच तो कुत्रा बरा, आणि त्यात कुणाचाही पराभव नाही.

म्हणून शेल्टरला पहिला प्रश्न हा विचारा: आजवर किती वेळा चावलाय, आणि प्रत्येक वेळी नेमकं काय झालं?

०३:५० | छोटा आहे म्हणून...

१९९४ च्या ‘हम आपके हैं कौन’मधला टफी आठवतो? तसा पांढरा, झुपकेदार कुत्रा आपल्याकडे ‘पामेरियन’ म्हणून ओळखतात, पण बहुतेक वेळा तो इंडियन स्पिट्झ असतो. हे कुत्रे, शिह त्झू, डॅशहुंड, पग, सगळे दिसायला खेळण्यासारखे. आणि नेमकं तेच त्यांना भोवतं.

जर्मन शेफर्ड गुरगुरला की आख्खी लिफ्ट रिकामी होते. चार किलोचा कुत्रा गुरगुरला की लोक हसतात, मोबाइल काढतात, रील बनवतात. मोठ्या कुत्र्याला कुणी न विचारता उचलत नाही, छोट्याला मात्र पाहुणे, शेजारी, वॉचमन, सगळेच उचलतात. त्याने तोंड फिरवलं, ओठ चाटले, जांभई दिली, अंग ताठ केलं, डोळ्याच्या कडेचा पांढरा भाग दाखवला, तरी कुणाचं लक्ष नाही. मग तो गुरगुरतो. तेही चालत नाही म्हटल्यावर चावतो, आणि बघतो तर काय, माणूस लगेच मागे हटला! कुत्रा धडा शिकला: इथे फक्त चावणं कळतं.

म्हणून एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. गुरगुरल्याबद्दल कुत्र्याला मारू नका, ओरडू नका. ते म्हणजे धुराचा अलार्म वाजतोय म्हणून बॅटरी काढून टाकण्यासारखं आहे. अलार्म बंद झाला तरी आग तशीच राहते, आणि पुढच्या वेळी कुत्रा न सांगता चावतो.

आणि हो, ‘तू आल्फा बन, त्याला जमिनीवर दाबून धर’ सांगणाऱ्या रील्स सोडून द्या. लांडग्यांमधला ‘आल्फा’ हा शब्द लोकप्रिय करणारे अभ्यासक डेव्हिड मीच यांनीच १९९९ मध्ये लिहिलं की जंगलातला कळप म्हणजे मुळात आईबाप आणि पिल्लांचं कुटुंब असतं, तिथे हा शब्द बसत नाही. घाबरलेल्या कुत्र्याला दाबून धरलं की तो आणखी घाबरतो.

०६:१० | आधी डॉक्टर, मग ट्रेनर

चावण्याचं कारण पुष्कळदा शरीरात असतं. छोट्या जातींमध्ये दात आणि हिरड्यांचे आजार खूप, आणि गुडघ्याची वाटी सरकणंही नेहमीचं. कानात संसर्ग असेल तर डोक्यावर फिरणारा प्रेमाचा हातसुद्धा दुखतो. उचलताना पाय दुखत असेल तर तो बिचारा काय बोलून दाखवणार? म्हणून दत्तक घेण्याआधी पशुवैद्याकडून पूर्ण तपासणी हवी: दात, कान, सांधे, डोळे. रेबीजच्या लसीची नोंद बघून घ्या. दुखणं बरं झाल्यावरही तेवढ्यावर सवय जात नाही, पण दुखणं तसंच ठेवून ट्रेनिंग म्हणजे पैसे पाण्यात.

०७:१५ | कुत्र्याला घर जुळवायचं

आता शेल्टरमध्ये काम करणाऱ्या मित्रमैत्रिणींसाठी, कारण तुम्हीही ऐकता हे मला माहीत आहे. चाव्याची नोंद असेल तर ‘कोण घेईल’ यापेक्षा ‘कोणत्या घरात तो चावण्याची वेळच येणार नाही’ हे शोधा. खाताना कुणी जवळ आलं की चावतो? मग मोठी माणसं असलेलं, शांत घर, जिथे त्याला वेगळ्या खोलीत जेवण मिळेल. उचललं की चावतो? मग असं घर जिथे माणसं खाली बसून त्याला स्वतःहून येऊ देतील. दारात अनोळखी माणूस आला की चावतो? मग दिवसभर डिलिव्हरीवाले आणि पाहुणे येणारा फ्लॅट नको.

पहिल्याच भेटीत कुत्रा हातात देऊ नका. दोन-तीन भेटी, एकत्र फिरणं, मग काही आठवडे फॉस्टर, आणि जमलं तर दत्तक. कागदावर चाव्यांचा सगळा इतिहास लिहा आणि दोघांनी सही करा. त्यातच एक ओळ टाका: जमलं नाही तर कुत्रा शेल्टरकडेच परत येईल, रस्त्यावर किंवा तिसऱ्याच कुणाकडे जाणार नाही.

०८:४० | घरी आल्यावर

शेल्टरमधून आलेल्या कुत्र्यांबद्दल ३-३-३ असा ढोबळ नियम सांगतात. पहिले तीन दिवस भांबावलेले, तीन आठवड्यांत दिनक्रम कळतो, तीन महिन्यांत घर आपलं वाटायला लागतं. हे काही घड्याळ लावून होत नाही, पण याचा अर्थ एवढाच घ्या की पहिल्या रविवारी सगळ्या नातेवाइकांना ‘बघायला’ बोलावू नका.

त्याला एक कोपरा द्या, जिथे कुणीही जाणार नाही. खोल्यांमध्ये छोटं फाटक लावा. सुरुवातीला घरातही हलका पट्टा अंगावर राहू द्या, म्हणजे सोफ्यावरून उतरवायला हाताने धरावं लागत नाही. ताटलीत हात घालू नका. तोंडातली वस्तू हवी असेल तर ओढू नका, त्याहून चांगलं काही देऊन बदलून घ्या. भीतीची कारणं साठत जातात, हेही ध्यानात ठेवा. सकाळी डॉक्टर, दुपारी पाहुणे, संध्याकाळी फटाके, यातलं एकेक तो सोसेल, तिन्ही मिळून नाही.

मुसक्याची सवय आधीच लावा. जाळीचा मुसका घ्या, ज्यात तो धापा टाकू शकतो आणि पाणी पिऊ शकतो. तोंड आवळून बंद करणारा कापडी मुसका डॉक्टरकडच्या दोन मिनिटांपुरता ठीक आहे, उन्हात फिरायला मुळीच नको, कारण कुत्रा धापा टाकूनच अंग थंड ठेवतो. पग, शिह त्झूसारख्या चपट्या नाकाच्यांना वेगळ्या आकाराचा मुसका मिळतो. रोज त्यात खाऊ ठेवा, त्याला स्वतः तोंड घालू द्या, आणि काही दिवस गेल्यावरच पट्टा लावा.

१०:३० | तरीही चावला तर

कुत्रा केवढा आहे याने काही फरक पडत नाही. जखम लगेच साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट असलं काही लावू नका. मग त्याच दिवशी डॉक्टरकडे. लस झालेला घरचा कुत्रा असला तरी काय करायचं ते डॉक्टर ठरवतील, गुगल नाही. सुरू केलेले डोस मध्येच सोडू नका. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, आणि वेळेत लस घेतली तर हा आजार टळतो. इतकं सरळ आहे हे.

११:२० | लपवलं तर काय होतं

काही जण म्हणतात, चावतो सांगितलं तर कुणी घेणारच नाही. भावना समजते. पिंजरे भरलेत, खर्च वाढलाय, आणि समोर एक कुटुंब हसत उभं आहे. पण पुढचा हिशेब बघा. न सांगता दिला, आठवड्याने मुलाच्या गालाला चावला, कुटुंबाने घाबरून परत आणला किंवा रात्री टेकडीवर सोडला. आता त्याच्या नावावर आणखी एक चावा, आणि पुढचं घर आणखी लांब.

कायद्याचंही सांगतो. प्राणी उपाशीतापाशी मरेल असा सोडून देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात गुन्हा आहे, पण पहिल्या वेळचा दंड १० ते ५० रुपये. उलट पाळलेल्या प्राण्यापासून माणसाला इजा होऊ नये म्हणून पुरेशी काळजी घेतली नाही, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. सोसायटी सरसकट ‘कुत्रा पाळायचा नाही’ असा नियम करू शकत नाही, हे ॲनिमल वेल्फेअर बोर्डाने २०१५ मध्येच सांगितलंय. पण चावल्यावर जबाबदारी तुमचीच राहते.

१२:४० | तर ताई...

हा कुत्रा, तुमच्या या घरात, आत्ता नको.

कारण तीन वर्षांच्या मुलीचा चेहरा सोफ्यावर बसलेल्या कुत्र्याच्या तोंडासमोर येतो. तिला ‘आता थांब’ कळत नाही, आणि त्याला ‘ती लहान आहे’ कळत नाही. तिसऱ्या पातळीचा चावा तुमच्या हाताला झाला तर खूण राहील, तिच्या डोळ्याजवळ झाला तर गोष्ट वेगळी. दर शनिवारी त्याला खोलीत कोंडणं हाही दोघांवर अन्याय, आणि एक दिवस कुणीतरी दार उघडं ठेवणारच.

पण तुम्ही करू शकता असं एक काम आहे. शेल्टरमध्ये जा आणि त्याचा इतिहास लिहून काढायला मदत करा. आधीच्या मालकांचा फोन असेल तर शेल्टरमार्फत विचारा: कधी, कुठे, कसा, किती खोल. तो एक कागद झाला, की ‘थोडा चावतो’च्या जागी लिहिता येईल, “झोपेतून उचललं तर चावतो, एरवी नाही, मुलं नसलेलं घर हवं.” असं घर असतं. फक्त त्यांना कुणाला शोधायचंय हे कळायला हवं.

तुमच्याकडे असा कुत्रा असेल, तर काय जमलं, काय नाही, व्हॉइस मेसेज करून सांगा. पुढच्या भागात भेटू. काळजी घ्या, आणि कुणाचाही कुत्रा विचारल्याशिवाय उचलू नका!