सराफ्यातली गॅसबत्ती : बफ मारण्याआधी

सराफ्यातली सोन्याचांदीची दुकानं रात्री वाढवली की त्यांच्याच ओट्यांसमोर भुट्ट्याचा कीस, गराडू, जिलबीचे ठेले लागतात. आता तिथे विजेचा लखलखाट आहे. माझे काका मात्र तिथल्या गॅसबत्त्यांचा सूं-सूं आवाज आठवून सांगत. त्यांच्या पोटमाळ्यावरून आलेली एक बत्ती मी गेल्या वर्षी चालू केली, तिच्याविषयी हे टिपण.

नावात गॅस असला तरी टाकीत असतं घासलेट. पंपाच्या हवेने ते नळीतून वर चढतं, तापलेल्या नळीत त्याची वाफ होते, ती निपलच्या सुईएवढ्या भोकातून सुटते आणि हवेत मिसळून मेंटलमध्ये जळते. म्हणजे गॅस बत्तीच तयार करते! म्हणून पेटवताना आधी स्पिरिट जाळून नळी तापवायची. घाई केली की भडका आणि काजळी. पेट्रोलवर चालणाऱ्या बत्त्या वेगळ्या. घासलेटच्या बत्तीत पेट्रोल कधीही घालू नये.

खरा उजेड मेंटलचा. ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअर यांनी 1885 साली त्याचं पेटंट घेतलं आणि 1891 मध्ये 99 भाग थोरियम ऑक्साइड, 1 भाग सेरियम ऑक्साइड हे प्रमाण पक्कं केलं. पहिल्यांदा पेटवल्यावर कापड जळून जातं, उरतो तो ऑक्साइडचा सांगाडा. बोट लागलं की चुरा. 1909 साली त्रावणकोरच्या किनाऱ्यावर मोनाझाइट वाळू सापडली आणि जर्मन लोक ती नेऊ लागले, ते मुख्यतः या थोरियमसाठीच. थोरियम किरणोत्सारी असल्याने जुन्या मेंटलची राख फुंकू नये. ओल्या फडक्याने टिपून घ्यावी.

आमची बत्ती बर्लिनच्या एरिच अँड ग्रेट्झ कंपनीची, पेट्रोमॅक्स 829, 500 कँडलपॉवरची. एका पॉलिशवाल्याने सल्ला दिला, "बफ मारून चकाचक करून देतो, खालून भोक पाडून बल्बचा होल्डर बसवतो, बैठकीत काय दिसेल!" बाजारात अशा पुष्कळ बत्त्या दिसतात. पण टाकीला भोक पडलं की तिच्यात पुन्हा हवा ठरत नाही, संपलं. आणि आमच्या टाकीच्या बुडाशी भांड्यावर नाव घालतात तशी ठिपक्यांची अक्षरं होती : 'सराफा', पुढे 7. बफखाली ती पहिल्या फटक्यात गेली असती.

तेव्हा चाकाला हात लावू दिला नाही. गरम पाण्यात धुण्याचा सोडा, मऊ ब्रश, एवढंच. पंपाचा चामड्याचा वायसर वाळून कडक झाला होता, तो रात्रभर तेलात ठेवल्यावर फुलला. पंपाच्या बुडाचं व्हॉल्व्हचं रबर मात्र बदलावंच लागलं, कारण तिथून घासलेट उलटं पंपात शिरतं. मग रिकाम्या टाकीत थोडी हवा भरून ती बादलीत बुडवली. बुडबुडे आले ते फक्त झाकणाच्या वायसरपाशी. टाकीलाच चीर असती तर मी ती नुसती मांडून ठेवली असती. दाबाखालच्या जुन्या पितळाला डाख लावून पेटवण्याचं धाडस करू नये, आणि आत वाफ असताना आंच तर मुळीच लावू नये.

7 म्हणजे भाड्याने देणाऱ्याचा नंबर असावा असा माझा कयास. लग्नाच्या वरातीला अशा बत्त्या डोक्यावर घेऊन माणसं चालत, आणि परत आल्यावर त्या मोजून घ्याव्या लागत. कुणाच्या घरी 'सराफा' आणि आकडा असलेली दुसरी बत्ती असेल तर बुडाचा फोटो मंडळाकडे पाठवा. घासण्याआधी.