लेन्स नंतर, आधी हात लांब करा

पोलीस भरती, तलाठी, रेल्वे, एमपीएससी… नेरमध्ये राहून तयारी करणाऱ्या कुणालाही विचारा, अभ्यासाचा अर्धा पसारा आता मोबाइलमध्येच असतो. पीडीएफ मोबाइलवर, टेस्ट सिरीज मोबाइलवर, लेक्चरही मोबाइलवर. मग रात्रीचे नऊ-दहा वाजले की डोळे चुरचुरायला लागतात, भुवयांच्या वर ठणका सुरू होतो आणि मान वर करून भिंतीवरचं घड्याळ पाहिलं तर दोन-तीन सेकंद काटेच दिसत नाहीत. शेजारचा विचारतो, ‘काहून बे, डोये लाल झाले तुये?’ आणि लगेच सल्लाही देतो, ‘ब्लू कट घेऊन टाक.’

घ्या, पण त्याआधी पाच मिनिटं हे वाचा. कारण प्रश्न तुमच्या डोळ्यांचा आहे आणि महिन्याच्या मेसच्या पैशांचाही.

पेनचा खेळ

चष्म्याच्या दुकानात तुम्ही हा प्रयोग पाहिला असेल. निळसर-जांभळा प्रकाश टाकणारं छोटं पेन साध्या लेन्सवर धरलं की प्रकाश आरपार जातो. ब्लू कट लेन्सवर धरलं की अडतो. पाहणारा गार! पण त्या पेनचा प्रकाश साधारण 405 नॅनोमीटरचा असतो आणि मोबाइलच्या एलईडी स्क्रीनमधला निळा प्रकाश सगळ्यात जास्त असतो तो 450च्या आसपास. म्हणजे पेन अडवणारी लेन्स तुमच्या स्क्रीनचा बराचसा निळा प्रकाश आत सोडतेच.

आणि समजा सगळा अडवला, तरी काय? ऑगस्ट 2023मध्ये ‘कोक्रेन’ या संस्थेने ब्लू कट लेन्सवरच्या 17 चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला. निष्कर्ष सरळ होता : कॉम्प्युटरवर काम करताना डोळ्यांना येणारा थकवा या लेन्सने साध्या लेन्सपेक्षा कमी होतो, असं दिसत नाही. अमेरिकेतली नेत्रतज्ज्ञांची संघटनाही स्क्रीनसाठी असा खास चष्मा घ्या, असं सांगत नाही.

मग डोळे थकतात कशाने? जवळ पाहण्याने.

गणित करून बघा

लांब पाहताना डोळ्यातला स्नायू सैल असतो. जवळचं पाहायचं म्हटलं की तो आवळतो, आतलं भिंग फुगतं आणि अक्षर स्पष्ट होतं. ही मेहनत डायॉप्टरमध्ये मोजतात. सूत्र दहावीच्या विज्ञानातलंच आहे, 1 भागिले मीटरमधलं अंतर. पुस्तक 40 सेंटिमीटरवर असेल तर 2.5 डायॉप्टर. मोबाइल 20 सेंटिमीटरवर, म्हणजे अंथरुणात नाकासमोर धरतो तसा असेल, तर थेट 5 डायॉप्टर.

विशीतल्या डोळ्याची सगळी ताकद साधारण 10 डायॉप्टर धरतात. जुना ठोकताळा असा की, सलग काम आरामात करायचं तर निम्मी ताकद राखीव राहिली पाहिजे. म्हणजे नाकासमोरचा मोबाइल तुम्हाला बरोब्बर काठावर नेऊन ठेवतो, तेही तासन् तास.

आता येते ती खरी ‘थकवा कमी करणारी’ लेन्स. दुकानात तिला अँटी-फटीग म्हणतात. एसिलॉर, झाईस, होया अशा कंपन्या ती बनवतात. वरच्या भागात तुमचा नेहमीचा नंबर आणि खालच्या भागात, जिथून आपण वाचतो तिथे, साधारण अर्धा ते पाऊण डायॉप्टर जास्तीचा प्लस. तेवढी मेहनत स्नायूऐवजी काच करते. ब्लू कटसारखा हा रंगाचा मामला नाही, इथे दुखण्याच्या कारणालाच हात घातलाय. तपासणीत ज्यांच्या डोळ्यांची जवळ फोकस करायची ताकद कमी निघते, त्यांना तिचा उपयोग होऊ शकतो.

पण हिशेब पुढे न्या. लेन्सने वाचवला अर्धा डायॉप्टर. आणि मोबाइल 20वरून 40 सेंटिमीटरवर नेला तर वाचतात अडीच! लेन्सच्या पाचपट, फुकट. हात लांब करायला पैसे पडत नाहीत. अक्षर बारीक वाटलं तर मोठं करा, पीडीएफ आडवी धरा, जमलं तर महत्त्वाच्या पानांची झेरॉक्स काढा.

लपलेला नंबर

एवढं करूनही डोकं दुखत असेल तर? मग ‘मला नंबर नाही, फळ्यावरचं सगळं दिसतं’ यावर विसंबू नका. प्लसचा थोडा नंबर असलेला तरुण डोळा स्नायू आवळून तो नंबर झाकून टाकतो. तक्त्यावरची शेवटची ओळही वाचतो आणि संध्याकाळी डोकं धरून बसतो. 1864मध्ये डच नेत्रतज्ज्ञ फ्रान्सिस्कस डोंडर्स यांनी आपल्या ग्रंथात हेच मांडलं. वाचताना थकणाऱ्या अनेक तरुणांचं मूळ दुखणं म्हणजे हा लपलेला प्लस नंबर आणि त्यावर उपाय साधी बहिर्वक्र काच.

रेल्वेची तयारी करत असाल तर हे आणखी महत्त्वाचं. असिस्टंट लोको पायलटच्या ए-1 वैद्यकीय दर्जाला चष्म्याशिवाय 6/6 नजर लागते आणि शिवाय फॉगिंग टेस्ट असते. डोळ्यासमोर +2 ची काच धरतात. निर्दोष डोळ्याला त्यातून लांबचं धूसर दिसायला हवं. स्पष्टच दिसलं, तर लपलेला नंबर पकडला जातो आणि उमेदवार बाद होतो. चार वर्षं रात्रंदिवस अभ्यास करून हे मेडिकलच्या दिवशी कळण्यापेक्षा, फॉर्म भरण्याआधी कळलेलं बरं.

लपलेला नंबर मशीनसमोर हनुवटी टेकवून दर वेळी सापडत नाही. त्यासाठी थेंब टाकून स्नायू सैल करून तपासावं लागतं. थेंबांनंतर काही तास, कधी एखाद दिवस जवळचं वाचता येत नाही आणि उजेड टोचतो. म्हणून पेपरच्या आदल्या दिवशी जाऊ नका, गाडी स्वतः चालवत येऊ नका.

अक्षरं दोन-दोन दिसत असतील, वाचताना ओळ सुटत असेल, तर तेही सांगा. दोन्ही डोळे आत वळवून एका जागी लावायची ताकद कमी असू शकते. ती बहुतेकदा नियमित व्यायामाने सुधारते, महागड्या लेन्सने नाही.

दुकानात शिरण्याआधी

तपासणी आधी, दुकान नंतर. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात डोळ्यांची तपासणी कोणत्या दिवशी असते ते विचारून जा. पुढची तपासणी लागली तर यवतमाळला वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. नेरहून एसटी आहेच.

नंबरचा कागद हातात आला की दुकानात तीन गोष्टी विचारा. पहिली, ‘ही लेन्स कागदावरच्या नंबरची आहे की त्यात खाली जास्तीचा प्लस आहे? असेल तर किती?’ आकडा सांगता आला नाही, तर ती अँटी-फटीग नाही. दुसरी, ‘ब्लू कट न घेता एआरसी मिळेल का?’ साध्या प्लास्टिक लेन्सवर सुमारे 8 टक्के प्रकाश परावर्तित होऊन वाया जातो. एआरसीचा थर तो थांबवतो, ट्यूबलाइटची चमक कमी होते. तिसरी, ‘पक्कं बिल द्याल ना?’ 22 सप्टेंबर 2025 पासून नंबरच्या चष्म्यावरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आलाय. ती सूट बिलात दिसली पाहिजे.

आणि चष्मा असो-नसो, दर 20 मिनिटांनी 20 फुटांपलीकडचं काहीतरी 20 सेकंद पाहा. रस्त्यापलीकडचं कडुलिंबाचं झाड चालेल, मित्राचा स्टेटस चालणार नाही. एरवी आपण मिनिटाला पंधराएक वेळा पापण्या मिटतो, स्क्रीनसमोर ते निम्म्याहून खाली येतं. चुरचुरतं ते त्यामुळे. मुद्दाम मिटा.

पद निघेल, पेपर होईल, निकालही लागेल. त्यानंतरची तीस-पस्तीस वर्षं याच डोळ्यांनी फाइली वाचायच्या आहेत, गाडी हाकायची आहे. तेव्हा आज रात्री पुस्तक उघडायच्या आधी पट्टी घ्या आणि मोबाइल नाकापासून किती सेंटिमीटरवर आहे, ते एकदा मोजाच.