‘शि. पेठ’ची ‘शिवाजी पेठ’ करताना

कोल्हापुरातल्या पत्त्यांच्या यादीत कुणी ‘शिवाजी पेठ’ लिहितं, कुणी ‘शि. पेठ’, कुणी आधी ‘ए वॉर्ड’ही लावतं. प्रोग्राममधलं फंक्शन यातलं जे असेल ते स्ट्रिंग म्हणून हातात देतं. ते एकसारखं करून घेणं आपलं काम.

मूळ स्ट्रिंग तशीच राहते

पायथन, जावा आणि जावास्क्रिप्टमध्ये एकदा तयार झालेली स्ट्रिंग बदलत नाही. ‘रिप्लेस’ हे फंक्शन नवी स्ट्रिंग परत देतं. ती व्हेरिएबलमध्ये धरली नाही तर केलेलं काम वाया जातं, आणि एररही येत नाही. नवशिके इथेच अडकतात. जावास्क्रिप्टचा ‘रिप्लेस’ साध्या स्ट्रिंगची फक्त पहिली जागा बदलतो. ‘रिप्लेसऑल’ २०२१च्या आवृत्तीत आला.

अक्षर कशाला म्हणायचं?

‘शिवाजी पेठ’ यात आपल्याला पाच अक्षरं दिसतात. पायथन लांबी सांगतो १०, कारण प्रत्येक काना, मात्रा, वेलांटी वेगळी मोजली जाते, मधली मोकळी जागाही. यूटीएफ-८मध्ये याचे २८ बाइट होतात. बाइट मोजून बदल केला तर अक्षर मधूनच तुटतं. पहिली वेलांटी दिसते ‘श’च्या आधी, साठवलेली असते नंतर. म्हणून ‘श’ काढून ‘स’ घातला की ‘सिवाजी’ होतं.

‘पांढऱ्या रश्शा’तला ‘ऱ’ याहून खट्याळ. तो एकसंध चिन्ह असू शकतो किंवा ‘र’ला नुक्ता लावून बनवलेला. दिसायला सारखेच, पण एक शोधला तर दुसरा सापडत नाही. आधी युनिकोड नॉर्मलायझेशनने दोन्ही रूपं एकसारखी करून घ्यावीत, मग शोधावं.

पेठवडगावचा घोळ

‘पेठ’च्या जागी ‘पेठ, कोल्हापूर’ घालायला सांगितलं, तर हातकणंगले तालुक्यातल्या पेठवडगावचं ‘पेठ, कोल्हापूरवडगाव’ होतं! रेग्युलर एक्स्प्रेशनची शब्दसीमा वापरावी म्हटलं, तर पायथनचं नेहमीचं मॉड्यूल मात्रेला शब्दाचा भाग मानत नाही; त्याच्या लेखी ‘पेठेत’मध्ये ‘ठ’नंतरही शब्दसीमा येते. मराठीत विभक्ती लागली की नाव बदलतं, हे त्याला कुठून कळणार? माझ्या मते सीमा आपणच ठरवावी: ‘पेठ’च्या आधी आणि नंतर युनिकोडच्या देवनागरी पट्ट्यातलं कुठलंही चिन्ह नसेल तरच बदल. मग ‘पेठेत’ आणि ‘पेठवडगाव’ दोन्ही वाचतात. तोच प्रोग्राम दुसऱ्यांदा चालवला तर मात्र ‘शिवाजी पेठ, कोल्हापूर, कोल्हापूर’ छापून येतं. पुढे ‘कोल्हापूर’ आहे का, हेही तपासावं लागतं.