हरणाच्या शिकारीत ट्री स्टँड किती उंच बांधतात? १५ फूट की ३० फूट, गणित समजून घ्या

ऑक्टोबर-नोव्हेंबर आला की यूट्यूबवर आणि रील्समध्ये एक प्रकारचे व्हिडिओ हमखास दिसायला लागतात. अमेरिकेतलं जंगल, झाडाला शिडी लावलेली, वर छोट्याशा फळीवर एक माणूस धनुष्य घेऊन चिडीचूप बसलेला आणि खाली हरीण. त्या फळीला म्हणतात ट्री स्टँड. आपल्याकडचं मचाणच म्हणा ना, फक्त लोखंडी किंवा अ‍ॅल्युमिनियमचं आणि पट्ट्यांनी झाडाला आवळलेलं.

आधी एक गोष्ट क्लिअर करूया. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार हरणाची शिकार हा गुन्हा आहे, त्यामुळे इथे कोणी हे करून बघायला जाऊ नका. अमेरिकेत मात्र राज्य सरकारचं लायसन्स काढून, ठरलेल्या सीझनमध्ये ही शिकार कायदेशीर असते. मिशिगनमध्ये बंदुकीचा सीझन दरवर्षी १५ नोव्हेंबरला सुरू होतो. तिकडे नोकरीला असलेल्या मराठी मंडळींना त्या दिवशी अर्धं ऑफिस सुट्टीवर का असतं, हा प्रश्न पडला असेल तर उत्तर हेच.

आता मुद्द्यावर येऊ. हा स्टँड किती उंच असावा? साधारण उत्तर १५ ते २५ फूट. पण असं का, हे जास्त इंटरेस्टिंग आहे.

उंच गेल्याने फायदा काय?

व्हाइट-टेल्ड जातीच्या हरणाचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात, त्यामुळे मान न वळवताही त्याला आजूबाजूचं बरंच काही दिसतं. रंग त्याला आपल्याएवढे कळत नाहीत, म्हणून शिकाऱ्याचं भडक केशरी जॅकेट चालून जातं. हालचाल मात्र लगेच कळते. त्याचे शत्रू जमिनीवरून येतात, म्हणून लक्षही बहुतेक जमिनीच्या पातळीवर असतं. १५-२० फुटांवर बसलेला माणूस त्या नजरेच्या वर राहतो. माणसाचा वासही थोडा वरून वाहून जातो. पण वारा हरणाच्या दिशेने असेल तर कितीही उंच बसा, उपयोग शून्य.

‘हरीण वर बघतच नाही’ असं बरेच जण ठासून सांगतात. ते काही खरं नाही. फळी करकरली की ते थेट वर बघतं. अशा वेळी उंचीपेक्षा पाठीमागे फांद्या आणि बुंधा आहे का, हे महत्त्वाचं ठरतं. मागे मोकळं आभाळ असेल तर ३० फुटांवरही माणूस काळ्या ठिपक्यासारखा उठून दिसतो. दाट फांद्यांत १५ फूटही पुरतात. नोव्हेंबरमध्ये पानं गळली की तेच झाड उघडं पडतं, मग थोडं वर सरकावं लागतं.

मग ३० फूट का नाही?

इथे दहावीची त्रिकोणमिती कामाला येते. समजा बाण जिथून सुटतो ती उंची २० फूट आहे (म्हणजे फळी साधारण १५ फुटांवर) आणि हरीण झाडापासून ६० फूट लांब आहे. कोन होतो सुमारे १८ अंश आणि तिरकं अंतर ६३ फूट. फरक फक्त तीन फुटांचा, विसरून जा.

आता उंची ३० फूट करा आणि हरीण ३० फुटांवर येऊ द्या. कोन थेट ४५ अंश! तिरकं अंतर भरतं ४२ फूट, पण बाण किती खाली पडणार हे जवळपास आडव्या अंतरावर, म्हणजे ३० फुटांवर ठरतं. ४२ फूट धरून नेम धरला की बाण वर जातो. म्हणून तिकडच्या नव्या लेझर रेंजफाइंडरमध्ये कोन मोजणारा सेन्सर असतो. तुमचा फोन आडवा केला की स्क्रीन फिरते ना, साधारण त्याच तत्त्वावर. लेझर तिरकं अंतर मोजतो, सेन्सर कोन सांगतो आणि यंत्र आडवं अंतर काढून देतं.

पण एक अडचण कुठलंही यंत्र सोडवत नाही. कोन तीव्र झाला की वरून हरणाची पाठ जास्त आणि फुप्फुसांचा भाग कमी दिसतो. बाण एकाच फुप्फुसातून गेला तर हरीण लगेच मरत नाही. जखमी अवस्थेत खूप लांब पळतं आणि कित्येकदा सापडतही नाही. म्हणून धनुष्यवाले जाणते शिकारी फार वर जायचं टाळतात, आणि माझ्या मते हेच कारण सगळ्यात वजनदार आहे. बंदुकीने लांबून मारणाऱ्यांना कोनाचा एवढा त्रास नसतो. उलट वरून खाली झाडल्याने चुकलेली गोळी जमिनीत जाते, हा फायदाच.

पडलात तर?

२० फुटांवरून पडलेला माणूस साधारण १.१ सेकंदात जमिनीवर येतो, ताशी ३९ किलोमीटरच्या वेगाने. ३० फुटांवरून तोच वेग होतो ४८. स्वतःला सावरायला वेळच मिळत नाही. म्हणून छाती, खांदे आणि मांड्यांना धरणारा फुल बॉडी हार्नेस घालतात. तो फक्त वर बसल्यावर नाही, तर जमिनीवरून पाय उचलल्यापासून दोराला अडकवलेला हवा, कारण चढता-उतरताना पाय घसरतोच. धनुष्य किंवा रिकामी बंदूक हातात घेऊन चढायचं नसतं, वर पोचल्यावर दोरीने ओढून घ्यायची.

हार्नेसने वाचलात तरी लटकून राहणं धोक्याचंच. मांड्यांच्या पट्ट्या रक्तप्रवाह अडवतात आणि थोड्या वेळात शुद्ध हरपू शकते. त्यासाठी पाय टेकवायला एक वेगळा पट्टा सोबत ठेवतात. आणि इथेच फोन येतो. तो सॅकमध्ये नको, लटकलेल्या अवस्थेतही हात पोचेल अशा पुढच्या खिशात हवा. निघण्याआधी घरच्यांना लोकेशन पाठवायचं. ऑनएक्स हंटसारख्या अ‍ॅपमध्ये स्टँडची जागा मार्क करता येते आणि नकाशा ऑफलाइन सेव्ह होतो, पण रेंजच नसेल तर कॉल लागणार नाही. म्हणून कुठल्या झाडावर आहे आणि किती वाजता परत येणार, हे आधीच एकाला सांगून ठेवतात.

आपल्याकडे हेच मचाण बुद्धपौर्णिमेच्या रात्री ताडोबा आणि मेळघाटात प्राणी बघायला वापरलं जातं. तिथे बाणाच्या कोनाचा प्रश्न नाही. पाणवठा नीट दिसला, वारा उलटा नसला आणि फळी करकरत नसली की झालं.