तिखटाच्या मुलखातला सौम्य सॉस

सातारा-सांगलीकडे पाहुणा आधी ठेचा मागतो, मग पाणी! पण लहान पोरंही चाटून खातील असा मिरची-टोमॅटो सॉस करायचं सामानही इथल्याच बाजारात मिळतं. त्याच्या या गमती.

रंग ब्याडगीचा: कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्याची ही सुरकुतलेली मिरची लालभडक, पण तिखटाला बेताची. २०११ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. कांदा-लसूण मसाल्यात लवंगी झणका देते, ब्याडगी रंग. सॉस करताना लवंगीला सुट्टी द्या.

बिया निर्दोष: तिखटपणा देणारं कॅप्सेसिन बियांत तयार होत नाही, बिया ज्या पांढऱ्या गाभ्याला चिकटलेल्या असतात, तिथे होतं. नुसत्या बिया झटकून भागत नाही, गाभाही काढा.

दोघंही परदेशी: मिरची आणि टोमॅटो मूळचे अमेरिका खंडातले, शिवाय एकाच कुळातले. वांगी-बटाटे त्यांचे भाऊबंद. ज्ञानेश्वरांच्या काळात इथे मिरचीच नव्हती. तिखटाची भिस्त मिरी-आल्यावर.

फळ कोर्टात हरलं: वनस्पतिशास्त्र टोमॅटोला फळ म्हणतं. पण आयात कराच्या वादात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८९३ मध्ये त्याला भाजी ठरवलं.

साखरेऐवजी बेदाणे: सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मूठभर भिजवून वाटले की सॉसला गोडवाही येतो, दाटपणाही.

शिजवलेला बरा: टोमॅटोतलं लायकोपिन शिजवल्यावर, थोड्या तेलासोबत अंगी जास्त लागतं. भांडं मात्र स्टीलचं घ्या. आंबटपणा ॲल्युमिनियमला खातो.

पाणी कुचकामी: कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही. जीभ पोळली तर दूध किंवा दही घ्या. पोपटाला ही चिंताच नाही, पक्ष्यांना मिरची झोंबत नाही!

आता कृती: गाभा काढलेल्या ६ ब्याडगी मिरच्या आणि मूठभर बेदाणे गरम पाण्यात भिजवा. १ किलो लालबुंद टोमॅटो ५ लसूण पाकळ्यांसह चमचाभर तेलात मऊ शिजवा. सगळं एकत्र वाटून गाळा, दाट होईपर्यंत आटवा. शेवटी मीठ आणि २ चमचे व्हिनेगर. गार झाल्यावर कोरड्या, स्वच्छ काचेच्या बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवा आणि आठवडाभरात संपवा.

टोमॅटोचा भाव कोसळला की शेतकऱ्याशी घासाघीस करू नका. दोन किलो जास्तच घ्या आणि सॉस घरीच करा.