‘कार्व्ह आउट’ : वाटणी की वेगळे निघणे?

बऱ्हाणपूर हा स्वतंत्र जिल्हा १५ ऑगस्ट २००३ रोजी अस्तित्वात आला. तत्पूर्वी तो खंडवा, म्हणजेच पूर्व निमाड, जिल्ह्याचा भाग होता. ही घटना सांगताना इंग्रजीत ‘कार्व्ह्ड आउट ऑफ’ असा प्रयोग केला जातो. ‘कार्व्ह’ म्हणजे कोरणे किंवा कापणे. त्यास ‘आउट’ हे अव्यय जोडले असता, मोठ्या वस्तूतून एक भाग काढून त्यास स्वतंत्र रूप देणे, असा अर्थ होतो. म्हणून ‘बऱ्हाणपूर कोरून काढले’ असे शब्दशः भाषांतर मराठीत शोभत नाही. ‘खंडवा जिल्ह्यातून बऱ्हाणपूर जिल्हा वेगळा करण्यात आला’ असे लिहावे.

‘डिव्हाइड इन्टू’ या प्रयोगाचा अर्थ मात्र निराळा आहे. शेजारच्या खानदेशाचे १९०६ साली पूर्व खानदेश व पश्चिम खानदेश असे दोन जिल्हे झाले आणि मूळचा एकसंध जिल्हा उरला नाही. खंडवा जिल्हा मात्र आकाराने लहान होऊन कायम राहिला. एकत्र कुटुंबातून एक भाऊ वेगळा निघणे आणि घराच्याच वाटण्या होणे, यांत जो फरक आहे, तोच येथे आहे. पहिल्या प्रसंगी मूळ घर चालू राहते. दुसऱ्या प्रसंगी ते उरत नाही.

ओळखण्याची खूण सोपी आहे. ‘आउट ऑफ’नंतर मूळ जिल्ह्याचे नाव येते, तर ‘इन्टू’नंतर नव्याने झालेल्या भागांची नावे येतात. चंद्रपूरमधून १९८२ मध्ये गडचिरोली आणि ठाण्यातून २०१४ मध्ये पालघर हे जिल्हे निघाले, तेथेही ‘कार्व्ह आउट’च योग्य ठरते. ‘कार्व्ह अप’ या प्रयोगाशी मात्र त्याची गल्लत करू नये. आपसांत तुकडे वाटून घेणे, असा नापसंतीचा भाव त्यात असतो.

हा भेद केवळ व्याकरणापुरता नाही. बऱ्हाणपूर परिसरातील एखाद्या शेतकऱ्याच्या १९९० सालच्या खरेदीखतावर ‘जिल्हा पूर्व निमाड’ असे लिहिलेले असल्यास ती चूक नव्हे. त्या काळी जिल्हा तोच होता. शिक्षकांनी हा प्रयोग शिकविताना आणि कर्मचाऱ्यांनी भाषांतर करताना कोणता जिल्हा कोणत्या जिल्ह्यातून व केव्हा निघाला, हे स्पष्ट लिहावे. तसे केल्यास जुना कागद वाचणाऱ्याच्या मनात संशय राहणार नाही.